थांबवलेली कथा : अभिजात रहस्यकथा आणि शाळेतील वाचन

एडगर ॲलन पो यांची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली आणि आधुनिक रहस्यकथेचा इतिहास तेव्हापासून मोजण्याचा प्रघात पडला. शिक्षणाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा मात्र दोन महायुद्धांच्या दरम्यानचा आहे, कारण गुन्हेगार ओळखण्यास लागणारा प्रत्येक धागा उकलीपूर्वीच वाचकाच्या हाती आलेला असावा, हा दंडक या काळात लेखकांनी उघडपणे स्वीकारला. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली असे दहा नियम मांडले, तर त्याच वर्षीच्या एलरी क्वीन यांच्या पहिल्या कादंबरीत उकलीआधी कथा थांबवून, पुरावे सारे समोर आहेत तेव्हा उत्तर वाचकानेच काढावे, असे आवाहन केलेले आहे. वर्गात रहस्यकथा शिकवण्याची पद्धत या एका थांब्यावर उभी राहू शकते.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या होम्सकथा हा दंडक नेहमी पाळत नाहीत. तरीही १८९२ सालची ‘सिल्व्हर ब्लेझ’ वर्गासाठी आदर्श म्हणावी अशी आहे. शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो, पहाऱ्यावरचा मुलगा अफूच्या गुंगीत सापडतो आणि संध्याकाळी तबेल्याशी घुटमळलेल्या एका परक्या माणसाला पोलीस पकडतात. त्या रात्री जेवणात मटणाचा मसालेदार रस्सा होता, हे वाक्य मुले सहज ओलांडून जातात. पण अफूची चव झाकायला असेच झणझणीत कालवण लागते आणि घरात आज काय शिजेल हे परका माणूस ठरवू शकत नाही, हे ध्यानात आले की संशयाचा रोख बाहेरून घराकडे वळतो. रात्री कुत्रा भुंकला नाही, ही प्रसिद्ध खूण त्यानंतर येते, आणि जे घडले नाही तेही पुरावा ठरते, हा तर्कातील अवघड धडा मुले आपणहून शिकतात. उत्तर चुकले तर चूक शोधायला पुन्हा त्याच पानावर जावे लागते, ‘कशावरून?’ या प्रश्नाला मजकुरातील ओळीवर बोट ठेवूनच उत्तर देण्याची ही सवय स्वाध्यायातील रिकाम्या जागा भरून लागत नाही.

होम्स आपल्या रीतीला निगमन, म्हणजे गृहीतकांतून अटळपणे निघणारा निष्कर्ष, असे म्हणतो. वास्तविक ती बहुतेकदा अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी वेगळ्या काढून दाखवलेल्या तर्काच्या तिसऱ्या प्रकारात मोडते, ज्यात समोरच्या वस्तुस्थितीचा सर्वांत सयुक्तिक खुलासा तात्पुरता स्वीकारला जातो. भारतीय परंपरेत याच्या जवळची कल्पना अर्थापत्ती ही आहे : देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरीही लठ्ठच राहतो, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसक तिला स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक तिचा समावेश अनुमानात करतात. शाळकरी मुलांनी हा वाद सोडवण्याची गरज नाही, परंतु देवदत्ताला दुसरे काही कारण संभवते का, हे त्यांनी अवश्य विचारावे.

कारण होम्सही चुकतो, आणि त्याच्या चुका त्याच्या यशाइतक्याच उपयोगी आहेत. ‘द ब्लू कार्बंकल’मध्ये तो एका जुन्या टोपीवरून तिच्या मालकाचे चरित्र सांगतो. टोपीवर मेणबत्तीचे बरेच डाग आहेत, म्हणून घरात गॅसचा दिवा नसावा, हे पटण्याजोगे आहे. टोपी मोठी, म्हणून डोके मोठे, म्हणून माणूस बुद्धिमान, हे मात्र त्या काळच्या खुळ्या समजुतीचे उदाहरण आहे. टोपीला ब्रश केलेला नाही, यावरून बायकोचे प्रेम आटले असा निष्कर्ष काढणे कितपत रास्त, यावर सातवीचा वर्ग तासभर भांडू शकतो, आणि तसे भांडू द्यावे.

लिपीच्या अंगाने पाहता ‘द डान्सिंग मेन’ (१९०३) ही कथा विशेष फलदायी ठरते. नाचऱ्या आकृत्यांचा संदेश होम्स उलगडतो तो इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येते या आधारावर. हाच खेळ मराठीत मांडायचा झाला तर आधी ठरवावे लागते की ‘की’ ही एक आकृती मानायची की ‘क’ आणि दीर्घ वेलांटी अशा दोन, आणि ‘स्त्री’सारख्या जोडाक्षराचे काय करायचे, म्हणजे सांकेतिक लिपी रचताना मुलांना देवनागरीची घडण उकलूनच पाहावी लागते आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाल्यास संदेश अडतो.

मराठीत यासाठी सामग्री आहे. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, सत्यजित राय यांचा फेलुदा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे उपलब्ध आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भाषेच्या चैतन्यासाठी अजोड आहे. पण त्याचे यश धाडस आणि प्रसंगावधान यांवर अधिक अवलंबून असल्याने, पुरावे मांडून थांबण्याच्या या रीतीला त्याच्या कथा कमी सोयीच्या आहेत. खरी काळजी संक्षिप्त बालआवृत्त्यांबाबत घ्यावी लागते, कारण पाने कमी करताना कात्री सर्वप्रथम जेवणाच्या, हवामानाच्या आणि कपड्यांच्या वर्णनांवर चालण्याचा धोका असतो आणि रस्सा गाळलेल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये मुलांना शोधण्यासाठी फारसे काही उरत नाही, म्हणून शिक्षकाने चार कथा उरकण्याऐवजी एकच कथा संपूर्ण घ्यावी आणि शेवटची पाने आठवडाभर आपल्याजवळ ठेवावीत.