नडगीभोवतीचं कडं

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. त्यामुळे चौक गावाहून खोपोलीच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार असो की लोणावळ्याला निघालेला पोरगा, दोघंही जुन्या महामार्गावर कंटेनरच्या शेजारून मोटारसायकल हाकतात. तिथे गाडी घसरली की गुडघ्याखाली मार बसतो. सगळ्या अंगाचा भार पेलणारं नडगीचं वरचं टोक चेचलं जातं, सांध्याची सपाटी फुटते, खाली दांड्याशीही तुकडे होतात. नडगीच्या पुढच्या अंगाला मांस नसतंच. कातडी, आणि लगेच हाड. दोन दिवसांत ही कातडी टरटरून फुगते, चकाकायला लागते, तिच्यावर पाण्याचे फोड धरतात.

अशा पायाचं काय करायचं, हा हाडांच्या डॉक्टरांपुढचा जुना पेच आहे. प्लेट बसवायची तर हीच दुखावलेली कातडी चिरावी लागते. ती नीट मिटली नाही, तर जंतू प्लेटवर ठाण मांडतात आणि मग काढता निघत नाहीत. रॉड घालायचा तर तो हाडाच्या पोकळीतून जातो. दांड्याला त्याचा उत्तम आधार, पण सांध्यालगतच्या चुऱ्याला तो धरू शकत नाही. या पेचासाठी हायब्रिड एक्स्टर्नल फिक्सेटर आहे. पेशंटच्या भाषेत, ‘पायाला रिंग लावलीय.’

त्यात दोन घराण्यांचा संकर आहे. जाड स्क्रू हाडात रोवून ते बाहेरच्या दांडीला जोडायचे, ही पद्धत युरोपातली. जिनिव्हाच्या राउल हॉफमन यांनी १९३८ मध्ये तिला वापरायला सोपं रूप दिलं. दुसरं घराणं सैबेरियातल्या कुर्गानचं. तिथे १९५१ च्या सुमारास गाव्रिल इलिझारोव यांनी पायाभोवती धातूची कडी बसवून त्यांत बारीक तारा ताणल्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवलेला वालेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटारसायकलच्याच अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना, तेव्हा १९६८ मध्ये इलिझारोव यांनी त्याचा पाय हाती घेतला आणि तो पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला.

हायब्रिडमध्ये सांध्याजवळ कडं आणि तारा, खाली दांड्यात जाड स्क्रू, आणि दोन्हींना बांधणाऱ्या सळ्या. कारण साधं आहे. सांध्याजवळचं हाड मऊ, जाळीदार. तिथे जाड स्क्रू ढिला पडतो, पण ताणलेल्या तारा लहान तुकडेसुद्धा धरून ठेवतात. दांड्याचं हाड कठीण. तिथे स्क्रू पक्का बसतो आणि मांसातून आरपार तारा काढायची गरज उरत नाही.

ही तार जेमतेम १.८ मिलिमीटर जाडीची असते. सर्जन ती ओल्या गॉजच्या चिमटीत धरून ड्रिल हळूहळू, थांबत थांबत चालवतो, कारण वेगाने घातलेली तार तापते आणि तापलेल्या तारेभोवतीचं हाड मरतं. तुकडा जागेवर ओढून आणायचा असेल तर मण्याची तार वापरतात. तो मणी हाडाला टेकला की तुकडा सरकतो. गुडघ्याच्या सांध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर अंतर राखावं लागतं. त्याहून सांध्याच्या जवळ गेलं तर तार सांध्याच्या पिशवीत शिरण्याची भीती, आणि त्या वाटेने पू थेट गुडघ्यात. दुसरी तार पहिलीला शक्य तितकी आडवी. मग टेन्शनर लावून प्रत्येक तार शंभराहून अधिक किलोच्या ताणाने ओढतात. सायकलच्या चाकाला ताकद येते ती आऱ्यांच्या ताणातून, इथेही तसंच. ढिली तार रोज थोडी थोडी हलते, आणि हलणारी तार आधी कातडीला आणि मग हाडाला त्रास देते.

या यंत्राचा एक कच्चा दुवा मात्र उघड सांगायला हवा. घाईत किंवा खर्च वाचवायला एक कडं आणि एकच दांडी लावली, तर सगळा भार एका बाजूला तोलला जातो. पाय टेकला की चौकट वाकते आणि हाड जुळायला उशीर होतो. आणखी सळ्या, गरज असेल तर आणखी एक कडं, हा जास्तीचा खर्च नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

ही विद्या महाराष्ट्रात परकी राहिलेली नाही. मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्या स्वास्थ्ययोग प्रतिष्ठानाने आणि अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी इलिझारोव पद्धत रुजवली, डॉक्टरांना शिकवली. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी तर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बारीक तारा, लहान जोड आणि सळ्यांची स्वतःची हलकी, स्वस्त रचना उभी केली. ‘जेस’ या नावाने ती देशभर गेली. हाताच्या फ्रॅक्चरना ती लागते, तशीच जन्मजात आत वळलेल्या पावलांनाही. आज असं बाळ वेळेत आलं तर पोन्सेटी पद्धतीच्या प्लास्टरनेच पाऊल बहुतेकदा सरळ होतं. पण उशिरा आलेल्या किंवा पुन्हा वळलेल्या पावलांसाठी जेसचा उपयोग आहे. त्यात आतल्या बाजूला दर सहा तासांनी पाव मिलिमीटर ताणायचं, बाहेरच्या बाजूला बारा तासांनी.

पाय वाकडा जुळला असेल किंवा आखूड पडला असेल, तर वेगळीच हिकमत. हाड मुद्दाम छेदतात, पाच-सात दिवस थांबतात आणि मग रोज एक मिलिमीटर, चार हप्त्यांत, फट वाढवत नेतात. फटीत नवं हाड धरतं. पाच सेंटिमीटरसाठी ताणायलाच पन्नास दिवस, आणि ते हाड पक्कं व्हायला त्याहून कितीतरी जास्त. वाड्यांवर हाडवैद्याकडे कांडवेलीचा लेप आणि बांबूच्या कामट्या बांधून घेतलेले पाय कधी कधी असे वाकडे किंवा आखूड जुळतात. साधं फ्रॅक्चर तिथे बरं होतंही. पण सांध्याजवळचं मोडलेलं हाड कामट्यांनी जागेवर येत नाही, आणि पट्टी करकचून आवळली तर बोटं काळी पडतात.

म्हणून मला वाटतं, रिंगेचं खरं काम ऑपरेशनच्या दोन-तीन तासांत नाही. ते त्यानंतर घरी चालणाऱ्या तीन-चार महिन्यांत आहे. प्रत्येक तारेच्या भोकाशी उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने खपली काढायची, कोरडं गॉज लावायचं, लाली आली का, पू दिसतो का ते पाहायचं. हे सगळं करते घरातली बाई, चुलीच्या धुरात, पावसाळ्यात दाराशी चिखल असताना. बिडी-तंबाखू बंद ठेवायची, कारण तंबाखूने हाड उशिरा जुळतं. गुडघा आखडू नये म्हणून रोज वाकवायचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगरावरच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना पायवाटेने चढून जावं लागलं होतं. तसल्या वाटेवरून रिंगवाला पेशंट दर पंधरा दिवसांनी खाली कसा आणायचा? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा भार हलका केला, हे मोठंच काम. पण गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी घरच्यांच्याच अंगावर पडते. भोकाशी आलेली लाली लवकर दाखवली तर गोळ्यांनी आवरते. उशीर झाला तर तार काढावी लागते.

शस्त्रक्रिया पनवेल-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात होऊ दे, पण पुढची देखभाल कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात, कशेळे आणि चौकच्या ग्रामीण रुग्णालयांत व्हायला हवी. त्यासाठी लागतं काय? भोकाची लाली ओळखणारी एक प्रशिक्षित सिस्टर, एक्स-रे, दहा नंबरचा पाना, आणि चौकट बसवणाऱ्या सर्जनला फोटो पाठवायला मोबाइल. ढिला झालेला नट आवळायला माणसाला दिवसभर मुंबईला पाठवण्यात काहीच शहाणपण नाही.

हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसलं तरी रिंग लगेच उतरवत नाहीत. आधी सळ्यांचे नट सैल करून पेशंटला काही दिवस चालायला लावतात. पाय दुखला, तर नट पुन्हा आवळून आणखी काही आठवडे थांबायचं. नाही दुखला, तर तारा कापून बाहेर ओढायच्या.