‘हार्ड’ की ‘हार्डली’? इंग्रजीत काम ‘कसं’ केलं ते असं सांगा

मुलाखतीत कामाबद्दल विचारलं की एखादा पोरगा जोशात सांगून टाकतो, ‘आय वर्क हार्डली’. त्याला म्हणायचं असतं, मी मेहनतीने काम करतो. पण ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, मी जवळजवळ कामच करत नाही! बरोबर वाक्य आहे ‘आय वर्क हार्ड’.

काम कसं झालं हे सांगणाऱ्या शब्दाला आपण शाळेत रीतिवाचक क्रियाविशेषण म्हणून शिकलो. हळू, नीट, पटकन हे तसले शब्द. इंग्रजीत बहुतेक वेळा विशेषणाला ‘ली’ जोडलं की असा शब्द तयार होतो. स्लोचं स्लोली, केअरफुलचं केअरफुली.

पण सगळीकडे ‘ली’ चालत नाही. फास्ट आणि हार्ड हे शब्द आहेत तसेच वापरायचे. ‘फास्टली’ कुणी म्हणत नाही. गुडचं तर रूपच बदलतं, त्याचं ‘वेल’ होतं. खोकल्याच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ लिहिलेलं असतं. इथे वेल म्हणजे विहीर नाही. घेण्याआधी बाटली चांगली हलवा, असा अर्थ आहे. उलट ‘फ्रेंडली’त ‘ली’ असूनही ते विशेषणच आहे.

दुसरी अडचण जागेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण म्हणतो, ‘तो ट्रॅक्टर हळू चालवतो’. इंग्रजीत आधी कोण, मग क्रिया, मग वस्तू आणि शेवटी कसं: ‘ही ड्राइव्ह्ज द ट्रॅक्टर स्लोली’. ‘ही ड्राइव्ह्ज स्लोली द ट्रॅक्टर’ हे चूक. ‘ली’वाले बरेच शब्द क्रियेच्या आधीही चालतात, जसं ‘ही स्लोली ओपन्ड द डोअर’. पण वेल, फास्ट, हार्ड हे नंतरच येतात.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. फवारणीच्या औषधाच्या लेबलवर ‘मिक्स थरोली’ असेल तर नुसतं ढवळून भागत नाही, पूर्ण मिसळेपर्यंत ढवळायचं. ‘वॉश हँड्स थरोली’ म्हणजे हात नुसते पाण्याखाली धरायचे नाहीत, स्वच्छ धुवायचे. काय करायचं ते क्रियापद सांगतं, पण कसं करायचं ते हाच शब्द सांगतो. तो सुटला तर सूचना अर्धीच कळते.