तारणाचा खर्च कोण सोसतो?

देव सर्वशक्तिमान आहे ना, मग त्याने माणसाची पापं सरळ माफ का करू नयेत? त्यासाठी क्रूसावरचं मरण कशाला? ख्रिस्ती धर्माशी नुकती ओळख झालेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती परंपरेचं म्हणणं असं, की माफी कधीच फुकट पडत नाही. देणाऱ्याला काहीतरी सोसावं लागतं. कुणी आपले उसने नेलेले दहा हजार रुपये बुडवले आणि आपण ‘जाऊ दे’ म्हटलं, तर ते दहा हजार हवेत विरत नाहीत. ते आपल्याच खिशातून जातात. माणसाला पापातून सोडवायचा देवाचा निश्चय समजून घ्यायचा असेल, तर हा खर्च कुणाच्या अंगावर येतो ते पाहत पाहत बायबल वाचावं.

वाचायचं तेही पहिल्यापासून. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने गोव्यात राहून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा येते आणि येशूचं चरित्र दुसऱ्यात. त्या मागच्या कथेवाचून क्रूसाचा अर्थ लागत नाही, म्हणून आपणही तिथूनच निघू.

बिघाड कुठे झाला?

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा मना केलेलं फळ खातात आणि देवाची चाहूल लागताच झाडांआड लपतात. त्यांना हाक मारत देवच येतो. दोघांना शिक्षा होते, एदेन बाग सोडावी लागते. पण त्याआधी देव त्यांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. पापाकडे तो काणाडोळा करत नाही आणि पाप्याला वाऱ्यावरही सोडत नाही. पुढची सगळी कथा या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्यात याची आहे.

प्रेषित पौलाने इ.स. ५७च्या सुमारास रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्यात पापाची दोन अंगं दिसतात. एक अपराधाचं: माणूस देवापुढे दोषी आहे. दुसरं गुलामीचं: चांगलं करायची इच्छा असूनही त्याच्या हातून नको तेच घडतं. नुसत्या माफीने पहिलं अंग सुटेल, दुसरं तसंच राहील. तारण म्हणजे या दोन्हींतून सुटका.

एकट्याने वाहिलेली शपथ

देव अब्राहामाला निवडतो आणि वचन देतो, की त्याच्याद्वारे पृथ्वीवरच्या सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल. या वचनावर शिक्कामोर्तब होतं ते एका विलक्षण विधीने. तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा यांचे दोन-दोन तुकडे करून समोरासमोर मांडले जातात. करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालत जायचं, असा तेव्हाचा रिवाज होता. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. शब्द मोडला तर माझी गत या जनावरांसारखी होवो, असा त्याचा अर्थ.

पण सूर्य मावळताना अब्राहामाला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसणारी शेगडी आणि जळती मशाल तेवढी तुकड्यांमधून पुढे जाते. धूर आणि अग्नी ही देवाच्या उपस्थितीची चिन्हं. अब्राहामाला त्या वाटेने चालावंच लागत नाही. ख्रिस्ती भाष्यकारांना हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण करार मोडल्याचा शाप देवाने इथे स्वतःवर ओढवून घेतला, असं ते मानतात.

वर्षातून एक दिवस

मोशेच्या काळात इस्राएल लोकांना नियमशास्त्र मिळतं आणि त्यासोबत नियम मोडल्यावर काय करायचं याची व्यवस्थाही. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रमुख याजक आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पण करतो. तोही निर्दोष नाहीच. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतात. एकाचा बळी देऊन त्याचं रक्त परमपवित्रस्थानात नेलं जातं. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवतो, साऱ्या लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडलं जातं. एका बकऱ्याने शुद्धी होते, दुसरा पाप दूर घेऊन जातो.

पुढच्या वर्षी मात्र सगळं पुन्हा करायचं. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र याच मुद्द्यावर बोट ठेवतं: जो विधी दरवर्षी करावा लागतो, त्याने काम पुरं झालेलं नाही. यहुदी परंपरेचं वाचन अर्थातच वेगळं आहे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर त्या परंपरेत बळींची जागा प्रार्थना, पश्चात्ताप आणि दानधर्म यांनी घेतली.

दुखावलेलाच दाम मोजतो

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होशेय संदेष्ट्याची बायको गोमर त्याला सोडून इतरांच्या मागे जाते. देव त्याला सांगतो, पुन्हा प्रेम कर. होशेय पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर सातू मोजून त्या स्त्रीला विकत घेतो आणि घरी आणतो. ज्याचा विश्वासघात झाला तोच पैसे भरतो, आणि देव म्हणतो की माझं आणि माझ्या लोकांचं असंच आहे.

म्हणून न्याय टळतो असं नाही. इस्राएलचं उत्तरेचं राज्य अश्शूरांनी बुडवलं. पुढे बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं आणि लोकांना धरून नेलं. त्याच पडझडीच्या काळात यिर्मया नव्या कराराची घोषणा करतो. या वेळी नियम दगडी पाट्यांवर नसतील, माणसाच्या हृदयावर लिहिले जातील. पौल ज्या गुलामीबद्दल बोलतो, तिच्यावरचा उपाय इथे पहिल्यांदा स्पष्ट होतो.

क्रूस

लूककृत शुभवर्तमानात येशू एका टप्प्यावर यरुशलेमला जायचा ठाम निर्धार करतो. तिथे काय वाट्याला येणार हे तो शिष्यांना आधीच सांगून चुकलेला असतो. वल्हांडण सणाच्या भोजनात तो प्याला हाती घेऊन त्याचं नातं आपल्या रक्ताशी आणि नव्या कराराशी जोडतो. त्यानंतर गेथशेमाने बागेत, शक्य असेल तर हे दुःख टळावं अशी प्रार्थना करतो आणि अखेर पित्याच्या इच्छेला होकार देतो. इ.स. ३०च्या सुमारास पिलात या रोमन सुभेदाराच्या हुकुमाने त्याला क्रूसावर देण्यात आलं.

इथे एक आक्षेप निघतो: एकाच्या पापासाठी तिसऱ्याच निरपराध माणसाला मारणं हा कुठला न्याय? ख्रिस्ती उत्तर ३२५ सालच्या नायसीया परिषदेच्या श्रद्धासूत्रात आहे. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे येशूमध्ये स्वतः देवच आला. मग क्रूसावर तिसरा कुणी उरत नाही. न्याय करणाराच निकालाचा भार उचलतो. येशू देव नाही असं मानलं, तर ही सगळी मांडणी कोसळते. नायसीयात त्या मुद्द्यावर एवढी हातघाई झाली, त्याचं एक मोठं कारण हेच.

क्रूसाने नेमकं काय साधलं, याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण कुठल्याही सार्वत्रिक परिषदेने ठरवलेलं नाही. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसला त्यात पाप, मृत्यू आणि सैतान यांच्यावरचा विजय दिसला. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात देवाच्या अवमानाची भरपाई असा अर्थ लावला. बाराव्या शतकातल्या अबेलारला ते माणसाचं मन पालटवणारं प्रेम वाटलं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने पापाची शिक्षा ख्रिस्ताने आपल्यावर घेतली यावर भर दिला. येशूच्या पुनरुत्थानाने, म्हणजे मेलेल्यांतून उठण्याने, मृत्यूची पकड सुटली आणि पवित्र आत्म्याने यिर्मयाचं हृदयावरचं लिखाण सुरू केलं, हे मात्र चौघांच्याही परंपरांना मान्य आहे.

माणसाच्या हाती काय उरतं?

सगळा खर्च देवानेच केला, तर माणसाने काय करायचं? पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा धर्मशिक्षक पेलागियस याच्या मते चांगलं निवडायची ताकद माणसात मुळातच आहे. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ च्या कार्थेज परिषदेने ऑगस्टीनची बाजू घेतली. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की विश्वास ठेवावासा वाटणं हीदेखील कृपेचीच सुरुवात आहे.

मग ही कृपा नाकारता येते का? १६१८-१९ च्या डॉर्ट सभेतल्या कॅल्विनवाद्यांनी सांगितलं, की देवाने निवडलेल्यांच्या बाबतीत ती अखेर विफल होत नाही. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने मांडलं, की कृपा प्रत्येकाकडे आधी पोचते आणि हो किंवा नाही म्हणण्याइतकं स्वातंत्र्य देते. तिसऱ्या शतकातला ऑरिजेन तर शेवटी सगळेच परत येतील अशी आशा बाळगून होता. मुख्य प्रवाहाने ती स्वीकारली नाही.

माणूस देवाला स्वीकारार्ह कशाने ठरतो, या धर्मसुधारक लूथरच्या काळापासून चिघळलेल्या वादावर कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्गला संयुक्त घोषणापत्र केलं. माणूस आपल्या गुणांवर नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देवाला स्वीकारार्ह ठरतो, आणि सत्कर्मं हे त्याचं फळ आहे, यावर दोघांचं एकमत झालं. पहिलं पाऊल देवाचं आणि किंमतही त्यानेच भरली, यावर या दोन चर्चमध्ये आता वाद नाही. ख्रिस्ती जगात एक वाद मात्र उरला आहे, तो हा, की माणसाच्या नकाराला देव कुठवर मान देतो.