मोटारसायकलचा बदललेला आवाज आणि आपली श्रवणशक्ती

कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी माहिती

मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवणे किंवा आवाज वाढवणारी झडप जोडणे, ही अनेक तरुणांना निरुपद्रवी हौस वाटते. परंतु तिचा परिणाम चालकाच्या कानांवर, मागे बसणाऱ्यावर आणि रस्त्यालगतच्या घरांत राहणाऱ्यांवर होतो. तो कसा होतो व कसा टाळावा, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आवाज कोठून येतो?

इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळते. जळालेला तप्त वायू ज्या झडपेतून बाहेर पडतो तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. झडप उघडताच दाबाखाली असलेला वायू एकदम सुटतो आणि मोठा ध्वनी निर्माण होतो. एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर असा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो.

हे धक्के शमवणे हे सायलेन्सरचे काम. त्याच्या आतील कप्पे, छिद्रांच्या नळ्या आणि काही प्रकारांत तंतूंचा थर यांमुळे ध्वनिलहरी परस्परांना क्षीण करतात किंवा शोषल्या जातात. हे भाग काढून टाकले की वायूचा धक्का जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो.

काही मोटारसायकलींच्या धुराच्या नळीत कारखान्यातूनच झडप बसवलेली असते. ती वाहनाच्या मान्यतेच्या चाचणीतून गेलेली असते. बाहेरून बसवलेली झडप मात्र उघडल्यावर वायूला सायलेन्सरला वळसा घालून जाऊ देते. ती हवी तेव्हा बंद करता येते, एवढ्याने ती निर्धोक ठरत नाही.

धावत्या गाडीची चावी बंद-चालू करून ‘फटाका’ काढण्याची सवयही घातक आहे. त्यात न जळलेले पेट्रोल तप्त नळीत जाऊन पेट घेते. धुरातील विषारी वायूंचे प्रमाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यामुळे निकामी होऊ शकतो.

कानात काय घडते?

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो. त्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. प्रखर आवाजाने या पेशी थकतात. आघात वारंवार झाला तर त्या मरतात. माणसाच्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून आवाजामुळे गेलेली श्रवणशक्ती औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पूर्ववत करता येत नाही. श्रवणयंत्राचा आधार मिळतो, परंतु ते नैसर्गिक कानाची बरोबरी करू शकत नाही.

ही हानी वेदनेवाचून होते. प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. बोलणे कानावर पडते, पण शब्द नीट उमगत नाहीत. गर्दीत ‘सात’ की ‘साठ’ असा गोंधळ होतो. घरातील मंडळींना वाटते की मुलाचे लक्ष नाही. प्रत्यक्षात त्याला ऐकू कमी येत असण्याची शक्यता असते.

किती आवाज सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित कालावधी निम्मा होतो. त्यामुळे ९० डेसिबलला तो आठवड्याला सुमारे ४ तास आणि १०० डेसिबलला सुमारे २० मिनिटेच उरतो. नव्या दुचाकींसाठी इंजिनाच्या आकारमानानुसार ७५ ते ८० डेसिबल अशी आवाजाची मर्यादा आहे. आतील भाग काढलेल्या सायलेन्सरचा आवाज जवळून १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो. कामावर जाण्यायेण्याच्या एका दिवसाच्या प्रवासातच आठवड्याची मर्यादा संपते.

इतरांना होणारा त्रास

रात्री एखादी गाडी कर्कश आवाज करीत गेली की झोपलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, मग त्याला जाग येवो अथवा न येवो. झोप वारंवार मोडल्यास दिवसा थकवा व चिडचिड जाणवते. रहदारीचा आवाज वर्षानुवर्षे सोसावा लागल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो. तान्ही बाळे, वृद्ध, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि अभ्यास करणारी मुले यांना हा त्रास अधिक होतो.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. सार्वजनिक ठिकाणी आवाजाच्या किंवा धुराच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय चालक परवाना ३ महिन्यांसाठी अपात्र ठरतो.

ही लक्षणे दिसल्यास तपासणी करून घ्या

• गाडी चालवल्यानंतर कानात गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येणे
• कान दडपल्यासारखे वाटणे
• दूरचित्रवाणीचा आवाज इतरांपेक्षा मोठा ठेवावा लागणे
• समोरच्याला वारंवार ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागणे

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी करता येते. ती वेदनारहित असते. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी लवकर केलेल्या उपचारांचा उपयोग होऊ शकतो. कानात तेल किंवा घरगुती औषध घालू नये.

कुटुंबाने काय करावे?

१. गाडीचा मूळ सायलेन्सर टाकून देऊ नये. बदलला असल्यास तो पुन्हा बसवून घ्यावा.
२. सायलेन्सर गळका किंवा गंजलेला असल्यास त्वरित दुरुस्त करावा.
३. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन वायूने जीव जाऊ शकतो.
४. इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी इअरफोनवर मोठ्याने गाणी ऐकू नयेत. त्याने कानावरचा भार वाढतो आणि मागून येणारे वाहन ऐकू येत नाही.
५. सायलेन्सरचा चटका बसल्यास भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. फोड मोठा असल्यास दवाखान्यात जावे.

घरातील तरुणाशी या विषयावर बोलताना दंडाची भीती घालण्याआधी कानाची गोष्ट सांगावी. सायलेन्सर पुन्हा बसवता येतो. मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.