बैलगाडीत ओझं नेमकं कुठे ठेवायचं?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. मागच्या वर्षी त्यासाठी भुसावळहून मामांकडे, यावल तालुक्यात गेलो होतो. एका बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना हाताला गाठ लागली. खांदेसूज. मामा म्हणाले, "तू तं फिजिक्स शिकेल माणूस. ओझं दरवर्षीइतकंच भरलं, मंग औंदाच खांदा का सुजला, सांग बरं."

पीएचडीत माझा विषय वेगळा आहे. पण या प्रश्नाचं उत्तर अकरावीच्या पुस्तकातल्या बलाच्या आघूर्णात आहे, म्हणून आज तेच लिहितोय.

दोन चाकांची बैलगाडी म्हणजे आखावर तोललेली तरफ. जवळपास सगळं वजन चाकं उचलतात. मानेवर किती येणार, हे वजनापेक्षा ते आखाच्या किती पुढे आहे यावर ठरतं. समजा गाडी आणि माल मिळून १००० किलो आहे, गुरुत्वमध्य आखाच्या १२ सेंमी पुढे आहे आणि आखापासून जू ३ मीटरवर आहे. मग जुवावर १००० × ०.१२ ÷ ३ = ४० किलो, म्हणजे प्रत्येक बैलावर २०. गुरुत्वमध्य फक्त १० सेंमी पुढे सरकला, की ४० चे ७३ होतात. गाडीत एक किलोही वाढलेला नाही!

मग गुरुत्वमध्य बरोबर आखावरच ठेवला तर? सपाट रस्त्यावर जू हलकं होईल, पण जरा मागे झुकलं की गाडी उलाळते. जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचा पट्टा बैलाला आवळतो. म्हणून मानेवर थोडा भार लागतोच.

आता चढ-उतार घ्या. गुरुत्वमध्य आखाच्या जितका वर, तितका तो चढावर मागे आणि उतारावर पुढे सरकल्यासारखा वागतो. दहाला एक असा चढ धरू, जू आणि आख एकाच उंचीवर आहेत असं मानू. गोण्यांच्या बुटक्या गाडीत गुरुत्वमध्य आखाच्या ४० सेंमी वर असेल, तर जुवावरचा भार चढाला २७ आणि उताराला ५३ किलो. कापूस किंवा कडबा उंच रचला आणि तो ८० सेंमी वर गेला, तर चढाला १३ आणि उताराला ६७. म्हणजे उंच गाडी चढाला उलाळायला टेकते आणि उताराला मान दाबते. बैल तेच, वजन तेच.

बर्फावर घसरायच्या स्कीवर बूट कुठे बसवायचा, हाही याच जातीचा प्रश्न आहे. मऊ बर्फात तो थोडा मागे असला की पुढचं टोक रुतत नाही. तिथेही काही सेंटीमीटरांनी फरक पडतो. फक्त तिथे जागा एकदा ठरते, आपल्याकडे प्रत्येक खेपेला.

सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये ऊसगाडीसाठी 'सारथी' बनवलं. दोन बैलांच्या मध्ये एक आधाराचं चाक, जे मानेवरचा भार स्वतः घेतं. चढ-उतारावर भार बदलतच राहणार असेल, तर तो बैलाऐवजी चाकाने झेलावा, हा त्यातला विचार.

मामांकडे तिसरं चाक नव्हतं, घरातला वजनकाटा होता. बैल सोडून, गाडी सपाट जागी लावून, जुवाखाली विटा रचून त्यावर काटा ठेवला. ६८ किलो. कारणही सापडलं. यंदा मागची फळी मोडली होती, म्हणून गोण्या पुढे सरकवून भरत होते. फळी बसवली आणि ५० किलोच्या दोन गोण्या ९० सेंमी मागे नेल्या. हिशोबाने १०० × ०.९ ÷ ३ = ३० किलो कमी व्हायला हवे होते. काटा ३८ वर आला.

खांदेसुजेला खडबडीत किंवा ओलं जू, बैलांची उंची जुळत नसणं, अशी इतरही कारणं असतात. काटा ती दाखवत नाही. सुजलेल्या बैलाला जुंपू नये आणि डॉक्टरांना दाखवावं, हे आधी. तो बैल बरा होईपर्यंत गोठ्यातच होता.

तुमच्याकडे गाडी असेल तर भरल्यावर एकदा जुवाखाली काटा ठेवून बघा. आकडा जास्त आला तर माल कमी करायच्या आधी जड गोण्या मागे सरकवून बघा, आणि त्या तळाशीच ठेवा.