तुडुमावरचा पाणकर

१२ एप्रिल २०२५ हा शनिवार होता आणि त्याच दिवशी हनुमान जयंतीही होती. त्या दिवशी देशभरात यूपीआयची देवघेव काही तास अडखळत राहिली. गिऱ्हाइकाच्या फोनवर चक्र फिरत राही, दुकानदाराच्या डबीतून पैसे मिळाल्याचा आवाज येईना, आणि काउंटरवर बांधून ठेवलेला माल नेऊ द्यावा की नाही, हा प्रश्न दोघांपुढेही पडे. २६ मार्च व २ एप्रिललाही असा अनुभव येऊन गेला होता. व्यवहार फार वाढले म्हणून यंत्रणा बसली, असा तर्क लोकांनी केला. तो अर्धाच खरा होता. १२ एप्रिलला वाट अडवली ती पैशांनी नव्हे, तर पैशांविषयीच्या चौकश्यांनी.

हे नीट कळण्यासाठी एपीआय म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या शब्दांत विचारावे आणि दुसऱ्याने ठरलेल्या रीतीने उत्तर द्यावे, यासाठी ठेवलेली वाट म्हणजे एपीआय. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. मालगुजारी तलावाची पाळ कोणी कोठेही फोडीत नाही. पाणी तुडुमातूनच निघते. आणि तुडुम केव्हा उघडायचे, कोणाच्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचे, हे पाणकर पाहतो. तुडुम म्हणजे एपीआय. पाणकराचे काम म्हणजे एपीआयचे व्यवस्थापन. पाणकर नसेल तर तलाव भरलेला असूनही शेवटची बांधी कोरडी राहते.

यूपीआयचा तलाव मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी त्याची सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तेथून २,००१ कोटी व्यवहार झाले. दिवसाला सरासरी साडेचौसष्ट कोटी पडतात. तुम्ही वीस रुपयांची भाजी घेतली तरी निरोप ॲपकडून बँकेकडे, तेथून एनपीसीआयकडे, मग तुमच्या खात्याच्या बँकेकडे व भाजीवाल्याच्या बँकेकडे जातो आणि उत्तर तितकीच वळणे घेत परत येते. यांपैकी एखादे उत्तर रेंगाळले, की ॲपची बँक विचारते, 'त्या व्यवहाराचे काय झाले?' या विचारण्यालाही वेगळा एपीआय आहे. पहिली चौकशी ९० सेकंद उलटल्यावर करावी आणि दोन तासांत तीनपेक्षा अधिक करू नये, असा दंडक होता. काही बँकांच्या यंत्रणा मात्र एकाच व्यवहाराबद्दल, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, पुन्हापुन्हा विचारीत राहिल्या. हिशेब करून पाहा: दर पाच सेकंदांनी विचारले तर ९० सेकंदांत एका व्यवहारामागे अठरा प्रश्न होतात. उत्तर उशिरा येते म्हणून प्रश्न वाढतात आणि प्रश्न वाढतात म्हणून उत्तर आणखी उशिरा येते. दंडक कागदावर असून भागत नाही; पाणकराला तुडुमावर उभे राहावे लागते.

त्यानंतर जे फेरबदल झाले ते या दृष्टीने वाचावेत. १६ जून २०२५ पासून पैसे देण्याघेण्याच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आली, आणि चौकशीच्या उत्तराची ३० वरून १० वर. १ ऑगस्टपासून एका ॲपवर खात्यातील शिल्लक दिवसाला ५० वेळाच पाहता येते. मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा. व्यवहार पुरा झाला की शिल्लक बँकेने आपण होऊन कळवावी, असेही ठरले. मला हा बदल सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण प्रश्नच उरला नाही तर गर्दी कशाची? १ ऑक्टोबरपासून एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. त्याचे कारण वेगळे होते. तिचा वापर लबाड लोक फसवणुकीसाठी करीत.

सामान्य माणसाला खरोखर झोंबणारा बदल निराळाच आहे. हप्त्याची आपोआप कपात आता सकाळी १० ते दुपारी १ आणि सायंकाळी ५ ते रात्री ९.३० या गर्दीच्या वेळा टाळून होते. एक प्रयत्न आणि फसल्यास आणखी तीन. पवनीच्या एखाद्या शेतकऱ्याने 'अकरा वाजता बँकेत पैसे भरू' असे मनाशी ठरवले, तर कपातीचा पहिला प्रयत्न सकाळीच होऊन फसलेला असू शकतो. पैसे आदल्या रात्रीच खात्यात हवेत. पण हे त्याला सांगितले कोणी? परिपत्रके इंग्रजीत निघतात आणि ती बँकांना उद्देशून असतात. पाणकर पाळी बदलतो तेव्हा गावात सांगून बदलतो.

उणिवाही राहिल्या आहेत. मुदत निम्मी केल्याने एखाद्या बँकेचा मंद संगणक वेगवान होत नाही. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि पलीकडे पोचले नाहीत, ही अवस्था अजूनही येते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवणारा मनुष्य पुष्कळदा दोनदा देऊन बसतो. पहिल्या व्यवहाराचा निकाल लागेपर्यंत थांबणे बरे.

त्या निकालाला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर ते फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत परत आले पाहिजेत. व्यापाऱ्याला दिलेले असून त्याच्याकडून पावती आली नाही तर व्यवहारानंतर पाच दिवसांत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने आपण होऊन त्याच्या खात्यात जमा करायची आहे.