गोल गासडीचा भाव कसा बघायचा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1971मध्ये गॅरी व्हर्मीर यांनी सुकं गवत गुंडाळून अजस्र गोल गासडी बांधणारं यंत्र बाजारात आणलं. मजुरी वाचली, पण खरेदीत एक गोम राहिली: भाव सांगतात नगावर, जनावर खातं वजनावर. रुंदी आणि घट्टपणा सारखाच असला, तरी 5 फूट व्यासाच्या गासडीत 4 फुटीपेक्षा 56 टक्के जास्त गवत मावतं. नुसतं बघून तो फरक कळत नाही. शेकड्यावर कडबा घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पेंढी कोणाच्या कवेची, यावर सगळं असतं!

मग ओलावा. 400 किलोच्या गासडीत तो 20 टक्के असेल, तर 80 किलो पाण्याचेच पैसे. शिवाय ओलं बांधलेलं गवत आतून तापतं, बुरसतं, कधी पेटही घेतं.

खरी मेख मात्र वरच्या थरात आहे. 5 फुटी गासडीचा बाहेरचा 6 इंचांचा थर पातळ वाटतो. हिशेब केला तर गासडीतलं 36 टक्के गवत त्यातच असतं. उघड्यावर पडून तेवढाच थर कुजला, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे मातीत. म्हणून शेडमधल्या गासडीला चार डॉलर जास्त मोजणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

फुलोऱ्याआधी कापलेल्या, पानं टिकलेल्या गवतात प्रथिनं जास्त. पण नुसत्या हिरव्या रंगावर भुलू नये. जाणकार गासडीत पोकळ नळी घुसवून गाभ्यातला नमुना काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात.